बिननवसाचा मृदंग

गयाअक्काशी बोलताना माझं लक्ष कधी तिच्या तोंडाकडं राहिलं नाही. ते हातांकडं जायचं. बोलता बोलता तिची बोटं कशावर तरी वाजत असायची. दारात बसली तर उंबऱ्यावर, एस.टी.त बसली तर पुढच्या सीटच्या पाठीवर, कुणाकडं चहाला गेली तर रिकाम्या बशीवर. एकदा आम्ही गावातली चार माणसं वसमतला दवाखान्यात एका पेशंटला भेटायला गेलो होतो. अक्का खाटेच्या कडेला बसली. तोंडानं विचारपूस चालू आणि बोटं खाटेच्या लोखंडी दांड्यावर. शेवटी तो बिचारा म्हणाला, "अक्का, जरा हळू. डोकं ठणकून राहिलं." अक्का ओशाळली. तिनं हात पदराखाली घेतले. थोड्या वेळानं पदर हलायला लागला.

आमचं गाव कुरुंद्याहून आत, हळदीच्या शिवारात. कुरुंद्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे; पण गावात विचाराल तर 'पेटीवाला' म्हणूनच घर दाखवतील, कारण भजनी मंडळात पेटी वाजवायला दुसरं कुणी तयार होत नाही. गयाअक्का माझी शेजारीण. नात्याची नव्हे, पण ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हापासून ती मला भाऊ म्हणायची व धाकट्या भावासारखी कामंही सांगायची. तिच्या-माझ्या घरात भिंत एकच. तिच्याकडचं भांडण, फोडणी आणि मृदंग, तिन्ही मला घरबसल्या ऐकू यायची. ती जाऊन फार दिवस झाले नाहीत. भिंतीपलीकडच्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही, आणि व्हावी असं वाटतही नाही.

मृदंगाचं खूळ तिच्या डोक्यात उघडपणे आलं ते धाकटीचं लग्न उरकल्यावर. मुलगा पुण्यात कंपनीत लागला होता, दोन्ही पोरी आपापल्या घरी नांदत होत्या. अशा वयात बायका एक तर गुडघ्यांवर बोलायला लागतात, नाही तर सुनेवर. अक्का एका सकाळी माझ्या ओसरीवर आली. मी पेटीचा भाता पुसत बसलो होतो. म्हणाली, "भाऊ, मला मृदंग शिकायचा हाय."

मी हसलो. "काहून?"

"वाजवायचा हाय म्हणून."

"अगं पण मधीच काय झालं?"

"मधीच न्हाई झालं. लहानपणापासून वाजवायचा हाय. आता सवड झाली."

एवढंच. पुढं गावानं या 'काहून'चं उत्तर शोधायचा पुष्कळ खटाटोप केला. कुणी म्हणालं, बाप मृदंगी असंल. तिचे वडील मला माहीत होते, आरतीला टाळी वाजवायचे तीही चुकायची. कुणी म्हणालं, स्वप्नात देव आला असंल. अक्काला स्वप्नात म्हशी यायच्या, हे तिनंच सांगितलेलं. माणसाला, त्यातून बाईमाणसाला, एखादी गोष्ट नुसती करावीशी वाटू शकते, हे आमच्याकडं कुणाच्या पचनी पडत नाही. त्याला काहीतरी दुःख तरी जोडावं लागतं, नाही तर देव तरी.

मंडळाचे मृदंगी किसनबुवा. अर्ध्या तालुक्यातली पोरं त्यांच्या हाताखाली शिकलेली. हात जितका गोड, जीभ तितकीच तिखट. मी अक्काला घेऊन त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते बाजेवर पडून होते. ऐकून उठून बसले.

"बाई, टाळ घ्या. टाळ चांगला असतो."

"टाळ येतो मला."

"मंग वीणा घ्या. मान असतो वीणेला."

"वीणा नुसती धरून उभं ऱ्हावं लागतं, बुवा. मला वाजवायचं हाय."

बुवांनी माझ्याकडं पाहिलं. ही पीडा तू आणलीस, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं. मग त्यांनी मृदंगावर चार अक्षरं वाजवून दाखवली, ता, दी, थुं, ना. म्हणाले, "हे बसल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई." कुणाला वाटेला लावायचं असलं की बुवांची ही ठरलेली युक्ती. चार अक्षरं घेऊन गेलेली पुष्कळ पोरं परत आली नव्हती.

अक्का ती चार अक्षरं हळदीत घेऊन गेली. निंदणीला बसली की खुरप्याच्या तालावर तोंडानं तेच. पाणी शेंदताना तेच. सोबतच्या बायकांना आधी हसू आलं, मग राग आला, मग त्यांची खुरपी आपोआप त्या लयीत पडायला लागली. एक जण तर म्हणाली, "अक्के, तुह्या पायी मला सपनातबी थुं ना थुं ना ऐकू येऊन राहिलं." चार-सहा आठवड्यांनी अक्का बुवांच्या दारात उभी. बुवांनी ऐकलं. मग घरातून एक जुना, खोडाला चीर गेलेला मृदंग काढून तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "डावा हात मेल्यावानी पडून राहिला. त्याला जागा करा." म्हणजे शिकवणी सुरू झाली.

तिचे यजमान बापूराव हे मुलखाचे अबोल. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आपणच प्रश्न विचारायचा, आपणच उत्तर द्यायचं आणि त्यांनी 'व्हय' म्हणायचं. बायको मृदंग वाजवते म्हणून चावडीवर त्यांना चिडवायचा प्रयत्न झाला. "बापूराव, घरात काय कीर्तन चालू हाय म्हणं?" बापूराव म्हणाले, "व्हय." चिडवणाऱ्यानं आणखी थोडी वाट पाहिली आणि तो निघून गेला. या माणसाच्या मनात काय आहे ते मला कित्येक वर्षं कळलं नाही. अक्कालाही कळलं होतं की नाही, शंका आहे.

आता मिठाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय अक्का समजायची नाही.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. तिच्यामुळं त्या बाजूचा आवाज खोल आणि भरदार होतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. अक्का शिकत होती तोवर कणीक बुवा स्वतः लावून द्यायचे. एका एकादशीला बायकांच्या भजनात तिला पहिल्यांदा वाजवायचं होतं आणि बुवा नेमके परगावी गेले. अक्का म्हणाली, त्यात काय, जन्मभर कणीकच तर मळली. घरून मळून घेऊन आली. छान मऊसूत, लुसलुशीत गोळा. देवळात सगळ्या बायका जमलेल्या, मागं पुरुषही बसलेले, कारण फजिती बघायला पुरुषांना नेहमीच सवड असते. मी पेटीवर.

पहिला अभंग निम्म्यावर आला आणि मृदंगाचा डावा आवाज बसायला लागला. मग त्यातून फतफत असा आवाज यायला लागला. अक्का जोर लावत होती, कपाळावर घाम. आणि मग कणकेचा तो अख्खा गोळा कातड्यावरून सुटला आणि पट्कन सतरंजीवर पडला. क्षणभर टाळही थांबले. मागून एक बाई म्हणाली, "अक्का, तवा ठेवू का?"

असं हसू त्या देवळात त्याआधी कधी झालं नसेल. मारुतीही हसला असावा. अक्कानं गोळा उचलला, पदरानं सतरंजी पुसली, मृदंग घेतला आणि घरी गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडून मला काहीच ऐकू आलं नाही. फोडणीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा आले. मृदंग पाहून त्यांचं डोकं फिरलं. कातडं ओलं, सैल, पांढरट पडलेलं. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं आणि ओरडले, "मीठ! बाई, मीठ टाकलं तुमी? आन् तेल लावून मळलं? मृदंगाला काय जेवायला बसवायचं व्हतं?"

अक्काला तोवर कळलंच नव्हतं. पोळीच्या कणकेत मीठ आणि तेलाचं बोट हे तिच्या हातानं जन्मभर न विचारता टाकलेलं. हात परातीत गेला की बाकीचं आपोआप होतं. तेलानं कणीक धरेना आणि मिठानं कातड्यात ओल धरली. किसनबुवांच्या शागिर्दांत हा गुन्हा कधी कुणा पोरानं केला नव्हता, कारण त्यातल्या एकानंही कधी पोळी केलेली नव्हती.

कातडं बदलायला मृदंग नांदेडला गेला आणि तिथं बरेच दिवस अडकला. बुवा म्हणाले, "आता बास करा. हसू झालं तेवढं पुरं." गावातही तिचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारायचं, "अक्का, आळणी हाय का खारट?" मला वाटलं, संपलं. कुणाचंही संपलं असतं. माझं तर पहिल्या हशालाच संपलं असतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. टक्-टक्, ठप्. मी जाऊन पाहिलं. अक्कानं भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट उपडी घातली होती आणि तिच्यावर वाजवत बसली होती. मला पाहून म्हणाली, "ये भाऊ. हिला मिठाचं वावडं न्हाई."

आणि आणखी एक गोष्ट तिनं केली, ती मला पुढं बापूरावांच्या तोंडून, म्हणजे त्यांच्या 'व्हय'मधून कळली. त्या दिवसापासून अक्कानं घरच्या कणकेत मीठ आणि तेल टाकणं कायमचं सोडलं. मी विचारलं, "अगं, मृदंगाची कणीक वेगळी मळ, घरची वेगळी. घरच्यांनी काय पाप केलं?" ती म्हणाली, "तोंडाची चव सोडता येती, भाऊ. हाताची खोड न्हाई सुटत. हाताला दोन गोष्टी शिकवल्या की घाईच्या वक्ताला तो चुकीची करतो. एकच शिकवायची." त्या घरात पुढं जन्मभर आळणी पोळ्या झाल्या. बापूरावांनी त्या खाल्ल्या. सणाला आलेल्या जावयांनीही खाल्ल्या आणि गुपचूप लोणचं मागून घेतलं.

मृदंग परत आला तेव्हा अक्काचा हात काठवटीवर इतका पक्का झाला होता की बुवांनी शिव्या द्यायचं कारण शोधलं आणि त्यांना ते सापडलं नाही. त्यानंतरची काही वर्षं मी दुकानातून आलो की भिंतीला पाठ लावून बसायचो. आधी बोल तुटक यायचे, मग सलग, मग असे की माझ्या मांडीवर माझा हात पडायला लागायचा. हळद शिजवायच्या दिवसांत तिचे हात चटके लागून सोलून निघत. तेव्हा ती हाताला खोबरेल लावून तोंडानं बोल म्हणत बसायची. "तकलीफ हाय म्हणून हात बंद ठेवला. तोंडाला कुठं तकलीफ हाय?" बायकांची भजनं तिच्याशिवाय होईनाशी झाली. शिरड शहापूर, डोंगरकडा, कुठून कुठून बोलावणी यायची. बापूराव मोटारसायकलवर पुढं आणि अक्का मृदंग मांडीवर आडवा घेऊन मागं, हे चित्र सगळ्या रस्त्याला ओळखीचं झालं.

पण तिचं मन त्यात नव्हतं. तिला वाजवायचं होतं आमच्या गावच्या सप्ताहात. तेही हरिपाठात नव्हे, काल्याच्या कीर्तनात. सप्ताहाचा शेवटचा दिवस, सगळा गाव, पावणेरावणे, वर्षाचं सगळ्यात मोठं कीर्तन. तिथं गळ्यात मृदंग अडकवून आजवर एकही बाई उभी राहिली नव्हती. कुणी तसा नियम केलेला नव्हता. नियम करायची वेळच आली नव्हती.

सप्ताहाच्या आधी देवळात बैठक होते. माणिकराव तिचे प्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त कुणी नाराज होऊ नये ही त्यांची इच्छा इतकी मोठी, की नवीन काही त्यांच्या हातून होत नाही. अक्कानं बैठकीत सरळ विचारलं. कुजबुज झाली. कुणी म्हणालं रीत न्हाई, कुणी म्हणालं महाराज काय म्हणतील. अक्कानं मोबाइल काढून कुठल्या कुठल्या पोरी मृदंग वाजवतात ते दाखवलं. "त्या तिकडं पुण्याकडं," म्हणून तो मोबाइल तिच्याकडं परत आला. मग माणिकरावांनी तोडगा काढला. त्यांच्या दृष्टीनं तो फार चांगला तोडगा होता.

"गयाबाई, तुमी असं म्हणा, माझा नवस हाय."

आमच्याकडं नवसाला सगळं माफ असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मारुतीच्या गाभाऱ्यात बायका जात नाहीत. पण लेकाच्या दुखण्यात नवस बोललेली एक बाई आत जाऊन शेंदूर लावून आली, तिला कुणी अवाक्षर बोललं नाही. देवाला बोललेलं मोडायची कुणाची छाती नसते. माणिकराव म्हणाले, "नवस म्हणलं की कुणाचं तोंड उघडत न्हाई. एक अभंग वाजवा, नारळ फोडा, झालं. तुमचंबी मन ऱ्हायलं, गावचंबी ऱ्हायलं."

"पण म्या नवस बोललेच न्हाई."

"मंग आता बोला की!" सगळे हसले.

अक्का हसली नाही. "नवस फेडला की माणूस मोकळं व्हतं, माणिकराव. मला मोकळं व्हायचं न्हाई. मला दर साली वाजवायचं हाय."

"मंग अवघड हाय."

"अवघड हाय ते मला ठाव हाय," अक्का म्हणाली आणि उठली.

घरी येताना मी तिच्यावर चिडलो. इतक्या वर्षांनी दार किलकिलं झालं होतं आणि हिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं. म्हणालो, "अक्का, एक शब्द म्हणायला काय जात होतं? एकदा उभी राहिली असतीस, मग पुढचं पुढं."

तिनं वाटेत थांबून मला समजावलं. ती समजवायची तेव्हा आवाज चढायचा नाही, उतरायचा. "देवाच्या दारात खोटं, आन् तेबी देवाचंच नाव घेऊन? आन् दुसरं ऐक. उद्या माझा हात चुकला, तर म्हणतील, नवसाची बाई हाय, जाऊ द्या. चांगला पडला तरी म्हणतील, देवानं करून घेतलं. मंग म्या कुठं ऱ्हायले त्यात? मला चुकले तर चुकले म्हणायला पायजे, भाऊ. बराबर किसनबुवाला म्हणत्यात तसं."

त्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. दर बैठकीला ती जायची, विचारायची, तोच नवस तिच्यापुढं यायचा, ती नाही म्हणायची. भांडण नाही, रुसणं नाही. सप्ताहात भाकरी थापायला, पाणी भरायला सगळ्यांच्या आधी हजर. कीर्तनाला खांबाला टेकून बसायची, आणि पदर हलत असायचा.

शेवटी तिच्या बाजूनं बोलले ते किसनबुवा. गुडघे गेल्यामुळं त्यांना उभं राहून वाजवणं जमेना, म्हणून मंडळ बाहेरून पोरं आणायला लागलं होतं. ती पोरं मृदंग वाजवत नसत, बडवत. एका बैठकीत बुवा काठी आपटून म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलं त्यात सगळ्यात पक्कं वाजवणारं कोण, ते मला इचारा की! ते तुमच्याच शिवारात हळद निंदून राहिलं, आन् तुमी गाड्या पाठवून राहिले परगावी." माणिकराव बुवांपुढं काय बोलणार? त्यांना बुवाही नाराज व्हायला नको होते. काल्याचं कीर्तन अक्काला मिळालं.

आणि सप्ताह बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डोंगरकड्याहून निरोप आला. बापूरावांचा चुलतभाऊ वारला. सुतक.

मी धावत गेलो. अक्का ओसरीवर बसली होती, पुढ्यात मृदंग, त्यावर धुतलेलं फडकं घातलेलं. दोन बायका तिला सांगत होत्या, चुलत हाय, लांबचं हाय, एवढं कोण धरतं आजकाल. बापूराव खाली मान घालून उभे होते. तो त्यांच्या पाठचा, एकत्र वाढलेला भाऊ. अक्कानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि बायकांना म्हणाली, "ह्यांचा भाऊ गेला. लांबचं कसं व्हईल?" मग मला म्हणाली, "हे बुवाकडं नेऊन दे. औंदा न्हाई तर पुढल्या साली. वर्ष कुठं पळून जातं का?"

काल्याच्या दिवशी ती मांडवाच्या दोरीबाहेर, लिंबाखाली बसून कीर्तन ऐकत होती. मी पेटीवरून तिकडं पाहिलं. तिचे हात मांडीवर होते आणि हलत नव्हते. ते पाहून मला पेटीवर सूर धरवेना. त्या दिवशी मी खरंच रडलो, आणि लोकांना वाटलं कीर्तनात रंगलो.

पुढल्या साली ती उभी राहिली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, गळ्यात मृदंग. टाळकरी दोन्ही बाजूला, बुवा पुढं खुर्चीवर, मी पेटीवर. मांडव ओसंडून गेलेला. बायका तर इतक्या, की पुरुषांची जागा मागं सरकली. महाराज बाहेरचे होते, तरुण, नाव कमावलेले. ते मांडवात आले, सगळ्यांना हात जोडले आणि मृदंगाकडं पाहून थबकले.

माणिकरावांना त्यांनी हळूच विचारलं, "मृदंगी?"

"ह्याच."

महाराज घुटमळले. नाही म्हणाले नाहीत, पण पाऊल पुढं पडेना. माणिकरावांना घाम फुटला, आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं, "महाराज, बाईचा नवस हाय."

महाराजांचा चेहरा एकदम सैल झाला. "असं होय! मग काय, मग काय," म्हणत ते पुढं आले. सगळं निभावलं होतं. अक्कानं फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात म्हणालो, अक्का, देवाशपथ, आता गप्प बस. तू खोटं बोलली नाहीस, दुसरा बोललाय. वाजव.

अक्कानं डाव्या हातानं मृदंग धरला आणि म्हणाली, "न्हाई महाराज. नवस न्हाई."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण समोर माईक होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

"म्या शिकले हाय. येतं म्हणून उभी हाय. चालत नसंल तर तसं सांगा, म्या उतरवते."

मला वाटलं, गेलं. इतक्या वर्षांचं सगळं या एका वाक्यात गेलं. माणिकराव जमिनीकडं बघत होते. महाराजांनी तिच्याकडं पाहिलं, मग खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडं वळून विचारलं, "बुवा, लय धरतील का?"

किसनबुवा म्हणाले, "त्यांची काळजी करू नका. तुमी धरा म्हंजे झालं."

आधी महाराज हसले, मग मांडव हसला. मग महाराजांनी टाळ वाजवला, आणि अक्काचा पहिला हात पडला.

पहिल्या अभंगाला तिचा हात थोडा जड होता. मला जाणवलं, बुवांनाही जाणवलं असणार. दुसऱ्यापासून तो मोकळा झाला. महाराज आता तिला पारखायला लागले. मधेच लय वाढवायचे, मधेच एकदम उतरवायचे, आणि ती प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आधी एक पाऊल जाऊन उभी असायची. पुढं तर ते लोकांकडं पाठ करून तिच्याकडं बघतच गायला लागले. टाळकऱ्यांचे पाय उचलले गेले. एका जागी तिचा हात चुकला, स्वच्छ चुकला. बुवा खुर्चीवरून ओरडले, "अं हं!" अक्कानं मान हलवली आणि पुढच्या आवर्तनात ते बरोबर केलं. कुणी 'जाऊ द्या' म्हणालं नाही. दोन तास ती उभी होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मृदंगांबरोबर पेटी वाजवली. पण आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही.

दहीहंडी फुटली, काला वाटला, आणि महाप्रसादाची पंगत बसली. आमच्याकडं पहिली पंगत कीर्तन करणाऱ्यांची. महाराज, टाळकरी, मृदंगी, पेटीवाला. स्वयंपाकाकडून बायकांनी हाक मारली, "अक्का, ये लवकर, पुऱ्या लाटायच्या हायत." ती सवयीनं उठायला लागली. बुवा म्हणाले, "बसा तिथंच. मृदंगी पंगतीत बसतो." ती माझ्या शेजारी बसली, अवघडल्यासारखी. इतक्या वर्षांत तिनं या पंगतीला वाढलं होतं, तिच्यात बसली कधी नव्हती.

मी तिला हळूच विचारलं, "अक्का, महाराज न्हाई म्हणले असते तर?"

"तर पुढल्या साली," ती म्हणाली आणि पत्रावळ सारखी करायला लागली.

वरणाची बादली घेऊन बापूराव वाढत येत होते. महाराजांना वाढलं, किसनबुवांना वाढलं, टाळकऱ्यांना वाढलं, प्रत्येकाला वाढताना वाकून 'घ्या महाराज', 'घ्या बुवा' म्हणायची रीत, तीही पाळत होते. मला वाढलं. मग ते अक्कापुढं आले. थांबले. बादली खाली ठेवली, डोक्यावरची टोपी नीट केली, पुन्हा बादली उचलली आणि किसनबुवांपुढं वाकले होते तितकेच तिच्यापुढं वाकले.

"घ्या बुवा," बापूराव म्हणाले.

मांडवात दोन तास डोळ्याला डोळा देऊन उभी राहिलेली ती बाई पत्रावळीवर मान घालून रडायला लागली. बापूराव बादली घेऊन तसेच उभे होते. ती म्हणाली, "वाढा की. काहून थांबले?" मग त्यांनी वाढलं.